वापरणाऱ्याला डिझाइनच्या पद्धतीत जागा कशी मिळाली

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमाने सुखरूप उतरायची आणि धावपट्टीवरच पोटावर बसायची. ठपका वैमानिकावर यायचा. १९४३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपनिस यांनी कॉकपिट तपासले. चाकांचा आणि फ्लॅपचा (पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीचा) खटका शेजारीशेजारी, दिसायलाही सारखे. थकलेला वैमानिक फ्लॅप मिटायला जाई आणि चाके मिटत. त्यांनी चाकांच्या खटक्याला चाकाचा आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीचा आकार दिला. न बघता हाताला फरक कळू लागला.

सॉफ्टवेअरपर्यंत हे शहाणपण पोहोचायला फार वेळ लागला. ऐंशीच्या दशकात सॉफ्टवेअर बांधण्याच्या आखीव पद्धती आल्या: ब्रिटिश सरकारी प्रकल्पांसाठी एसएसएडीएम आली, ब्रिटिश संगणकतज्ज्ञ मायकल जॅक्सन (गायक नव्हे) यांची जेएसडी आली. डेटा कुठून कुठे जातो, कोणती प्रक्रिया कशानंतर, हे त्यांत शिस्तीने मांडलेले असे. वापरणाऱ्या माणसाचे काम नेमके काय, याला मात्र तितका नेटका टप्पा नव्हता. एर्गोनॉमिक्सच्या, म्हणजे साधने माणसाला सोयीची करण्याच्या शास्त्राच्या, तज्ज्ञाला बहुधा कोड तयार झाल्यावर बोलावत, म्हणजे वरातीमागून घोडे. तोवर हाती उरे ते स्क्रीनवरचे शब्द बदलणे.

आयबीएमच्या जॉन गूल्ड यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी हा क्रम उलटा करून दाखवला. खेळाडूंना घरच्यांचे निरोप आवाजात ऐकवणारी ती यंत्रणा होती. सुरुवात कागदावरच्या संवादांपासून झाली, वापराच्या पुस्तिका कोडच्या आधी लिहिल्या गेल्या, आणि किऑस्कचा नमुना ऑफिसच्या बोळात ठेवून येणाऱ्याजाणाऱ्यांची मते घेतली. पण हे एका जाणत्या चमूचे यश होते. इतरांना उचलता येईल अशी पद्धत अजून हवी होती.

माझ्या मते खरे वळण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आले. की योंग लिम आणि जॉन लाँग यांनी १९९४ मध्ये पुस्तकरूपात मांडलेल्या ‘म्यूज’ पद्धतीने प्रोग्रामरचीच भाषा उचलली. वापरणाऱ्याचे काम जेएसडीसारख्याच झाडवजा आकृत्यांत मांडायचे, प्रोग्रामर आणि एर्गोनॉमिक्सचा तज्ज्ञ या दोन्ही बाजूंचे काम समांतर चालवायचे आणि ठरलेल्या टप्प्यांवर आकृत्या ताडून पाहायच्या. तज्ज्ञाचा आक्षेप ‘मत’ म्हणून बाजूला सारणे त्यामुळे अवघड झाले.

पुढे १९९९ मध्ये आयएसओ १३४०७ हे मानक आले आणि २०१० मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१-२१० ने घेतली. वापरणाऱ्याचा विचार प्रकल्पाच्या आखणीतच धरा, असे ते सांगते. विकासाची पद्धत कोणती, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे.