रेबीजचा विषाणू मेंदूपर्यंत पोहोचतो कसा

कुत्रा चावल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा, असे सांगितले की अनेकांना तो वेळकाढूपणा वाटतो. पण विषाणूवरचा पहिला घाव तोच असतो.

रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, सुमारे १८० नॅनोमीटर लांबीचा. आत आरएनएची, म्हणजे विषाणूची जनुकीय माहिती साठवणाऱ्या रेणूची, एकच साखळी, जेमतेम १२,००० अक्षरांची, आणि तिच्यात पाचच प्रथिनांची माहिती. बाहेर मेदाचे आवरण असते आणि त्यावर ‘जी’ नावाच्या प्रथिनाचे काटे. मेदाचे असल्यामुळे हे आवरण साबणाने फाटते, आणि ते फाटले की विषाणूला पेशीत शिरता येत नाही.

धुण्यातून सुटलेले विषाणू स्नायूत रेंगाळतात, तिथे थोडेफार वाढतातही. स्नायूला मज्जातंतू जिथे भिडतो तिथे काटे चेतापेशीच्या, म्हणजे मज्जातंतूच्या पेशीच्या, पटलावरच्या ठरावीक प्रथिनांना चिकटतात. मग पेशीच पटलाची पिशवी करून विषाणूला आत ओढते. डायनिन हे प्रथिन ही पिशवी तंतूतून मज्जारज्जूकडे वाहून नेते, दिवसाला साधारण ५ ते १० सेंटिमीटर. पिशवीतली आम्लता पुरेशी वाढली की काट्यांचा आकार बदलतो, आवरण पिशवीच्या भिंतीत मिसळते आणि आरएनए पेशीद्रवात मोकळा होतो.

हा आरएनए उलट प्रतीचा, म्हणजे प्रथिने बनवण्यासाठी पेशी वाचते त्या संदेशाची उलट नक्कल, असल्याने आपल्या पेशीला तो थेट वाचता येत नाही. आरएनएवरून आरएनए उतरवून घेणारे, विषाणूला चालेल असे विकर (एन्झाइम) पेशीकडे नसते, म्हणून विषाणू ते सोबतच आणतो. पुढची प्रथिने मात्र पेशीची यंत्रणाच बनवते. नवे विषाणू पुढच्या चेतापेशीत जातात, मेंदू गाठतात आणि तिथून लाळग्रंथींत उतरतात. लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य.

चेतापेशीत शिरलेल्या विषाणूपर्यंत प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निकामी करणारी शरीरातली प्रथिने, सहसा पोहोचत नाहीत. विषाणूला गाठायचे ते स्नायूतच. लसीमुळे शरीरात पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. तेवढ्या काळासाठी, रक्त आलेल्या जखमेत आणि तिच्याभोवती तयार प्रतिपिंडे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, टोचावी लागतात. नुसते दंडात इंजेक्शन देऊन ती जखमेपाशी पुरेशी पोहोचत नाहीत. लस त्वचेत देतात तेव्हा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस). मधला डोस चुकवू नये.

जखमेवर हळद, चुना, मिरची लावू नका. विषाणू त्याने जात नाही, उलट जखम चिघळते. टाकेही शक्यतो लगेच घालत नाहीत, कारण सुई विषाणूला आणखी खोल ढकलू शकते. कुत्र्यावर १० दिवस नजर जरूर ठेवा, पण लस त्यासाठी थांबवू नका.

लक्षणे बहुधा एक ते तीन महिन्यांनी दिसतात. म्हणून चावून दोन-तीन आठवडे उलटले असले तरी दवाखान्यात जा. विषाणू अजून स्नायूतच असू शकतो.