‘कम्प्लीट इजा’ या शब्दामागचा इतिहास

मज्जारज्जूला मार लागलेल्या माणसाच्या केसपेपरवर पहिल्या काही दिवसांतच एक अक्षर पडतं. ते ‘ए’ असेल तर बाहेर बाकावर बसलेल्या घरच्यांना सांगितलं जातं, ‘इजा कम्प्लीट आहे.’ घरचे त्यातून एवढंच समजतात की आतली दोरी तुटली आणि आता हा चालणार नाही. विजेच्या उत्तेजनानं पाय हलल्याच्या बातम्या गेल्या पंधरा वर्षांत येत आहेत. त्या नीट कळायला हव्यात तर आधी हे अक्षर कुठून आलं ते पाहावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत असे जखमी बहुतेक शय्याव्रणांनी किंवा लघवीच्या संसर्गानं जायचे. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात अशा जखमींसाठी खास विभाग सुरू झाला. दर दोन तासांनी कूस बदलणं, मूत्राशयाची निगा आणि खेळ यांमुळे माणसं जगू लागली. त्या खेळांतूनच पॅरालिम्पिक उभं राहिलं आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला सांगली जिल्ह्यातल्या एका जखमी सैनिकानं पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्ण मिळवलं. मात्र त्या काळी उद्दिष्ट होतं ते व्हीलचेअरवरच्या स्वावलंबी आयुष्याचं. चालण्याबद्दल फारसं कुणी बोलत नव्हतं.

१९६९ मध्ये स्टोक मँडेव्हिलमधूनच इजेची ए ते ई ही पाच पायऱ्यांची प्रतवारी आली. ‘ए’ म्हणजे पूर्ण, अर्थात ‘कम्प्लीट’ इजा: इजेखाली ना हालचाल, ना संवेदना. ‘बी’ म्हणजे संवेदना आहे, पण हालचाल नाही. पण इजेच्या लगेच खाली थोडंफार काही शिल्लक राहिलेलं पुष्कळदा आढळतं. त्याला अपूर्ण म्हणायचं का? १९८०च्या दशकात अमेरिकेत नियम होता की तीनपेक्षा अधिक पातळ्या (मज्जारज्जूचे वरून खाली मोजलेले टप्पे) खालपर्यंत काही टिकलं असेल तर इजा अपूर्ण. यात एक विचित्र गोष्ट घडायची. रुग्णाला थोडं बरं वाटून इजेची पातळी खाली सरकली, की शिल्लक पातळ्यांचं अंतर कमी व्हायचं आणि तोच माणूस ‘अपूर्ण’मधून ‘पूर्ण’मध्ये जायचा.

म्हणून १९९२ मध्ये कसोटी मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या टोकाशी नेली. गुदद्वाराभोवती टाचणी किंवा कापूस कळतो का, आतला दाब जाणवतो का, स्वतःहून आवळता येतं का, हे पाहायचं. यातलं काहीच नसेल तर ‘ए’. तर्क सरळ आहे: शेवटच्या टोकापर्यंत निरोप पोहोचत असेल, तर इजा ओलांडून काहीतरी जातं आहे.

मोजणीसाठी हा निर्णय योग्यच होता. चूक झाली ती ‘पूर्ण’ हा शब्द तसाच ठेवण्यात, असं मला ठामपणे वाटतं. माणसाला काय जाणवतं आणि सांगितल्यावर काय हलवता येतं, एवढंच या तपासणीत कळतं. आतले तंतू किती शाबूत आहेत, हे तिला विचारताच येत नाही. शवविच्छेदनात मज्जारज्जू कित्येकदा तुटलेला नसून चेंगरलेला दिसतो आणि कडेला थोडे तंतू उरलेले असतात. ‘पूर्ण’ ठरलेल्या काही रुग्णांत मेंदूचा प्रभाव इजेखाली पोहोचतो, हे १९८०च्या दशकातच विद्युत चाचण्यांत दिसलं होतं. त्यासाठी ‘डिस्कम्प्लीट’ असा वेगळा शब्दही घडवला गेला, पण तो वॉर्डात रुळला नाही.

मज्जारज्जू स्वतःच पावलांची लय निर्माण करू शकतो, हे १९११ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. १९८०च्या दशकात मेंदूशी संबंध तोडलेली मांजरं सरावानं ट्रेडमिलवर मागच्या पायांनी चालू लागली. मग माणसांनाही पट्ट्यांनी उचलून धरून ट्रेडमिलवर चालवणं सुरू झालं. २००६ मध्ये १४६ जणांच्या चाचणीचा निष्कर्ष आला: तेवढाच सराव जमिनीवर करून घेतला तरी फरक पडत नाही. त्या चाचणीत ‘ए’वाल्यांना प्रवेशच नव्हता.

त्यानंतर वीज आली. वेदना कमी करण्यासाठी बनवलेलं, विजेचं उत्तेजन देणारं, १६ इलेक्ट्रोड असलेलं उपकरण कमरेच्या भागात मज्जारज्जूच्या आवरणावर बसवलं गेलं. २०११ मध्ये अमेरिकेतला एक तरुण त्याच्या आधारानं उभा राहिला. त्याचा गट ‘बी’ होता. २०१४ मध्ये चौघांनी उत्तेजन सुरू असताना स्वतःच्या इच्छेनं पाय हलवले आणि त्यांतले दोघे ‘ए’ होते. माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. २०१८ मध्ये चौघांपैकी दोघे जमिनीवर चालले, एकाला ८५ आठवड्यांत २७८ सत्रं लागली. चालणारे दोघेही ‘बी’ होते. ‘ए’वाल्यांना ट्रेडमिलवर, तेही वजन उचलून धरल्यावर, काही पावलं जमली आणि सरावात एकाचं खुब्याचं हाड मोडलं.

२०२३ मध्ये मेंदूवर बसवलेल्या उपकरणातून थेट मज्जारज्जूकडे संदेश पाठवून स्वित्झर्लंडमध्ये एकाला चालवलं गेलं. पुढे यंत्रणा बंद असतानाही तो कुबड्यांच्या आधारानं चालू लागला. त्याची इजा दहा वर्षांहून जुनी होती, आणि अपूर्ण होती.