जुन्या लॅपटॉपवर चांगला गेम चालत नाही?

‘कॉम्प्युटरवर चांगला गेम खेळायचा तर महागडं ग्राफिक्स कार्ड अन् चोवीस तास नेट लागतंच,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. नव्या, धावपळीच्या गेमांबद्दल ते बरंचसं खरं आहे. सगळ्यांबद्दल नाही.

आपल्याच नजरेतून दिसणारे, माउसने क्लिक करत कोडी सोडवायचे जुने गेम घ्या. १९९३चा ‘मिस्ट’ एका सीडीत मावला. त्यातली दृश्यं म्हणजे आधीच तयार करून ठेवलेली चित्रं. दारावर क्लिक केलं की पुढचं चित्र येतं. कॉम्प्युटरला क्षणोक्षणी नवं दृश्य रचावं लागत नाही, म्हणून दृश्य रचणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर ताण नाही. १९९७चा ‘रिव्हन’ ५ सीडींचा, पण मुख्य तंत्र तेच.

स्वतः तपासा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘डीएक्सडायग’ इंग्रजीत (dxdiag) टाइप करा आणि एंटर दाबा. रॅम आणि ग्राफिक्स दिसतील. गेम जिथून घेणार त्या वेबसाइटवर गेमच्या पानावर दिलेल्या किमान गरजांशी ते ताडून पाहा. मात्र त्याच नावाच्या नव्या थ्रीडी आवृत्तीला तगडं मशीन लागतं, जुनीच निवडा. यवतमाळसारख्या, चांगलं नेट असलेल्या शहरात गेलात की डाउनलोड करा, एकदा सुरू करून पाहा, मग नेट बंद करून खेळा. गावात टॉवर नसला तरी अडत नाही. सुरुवात ‘मिस्ट’ने करा, वही-पेन जवळ ठेवून, ‘रिव्हन’ फार अवघड आहे.