अ‍ॅनिमेशन लघुपट, बोधपर (बडोदे)

मोबाइलचे वेड, वर्गातील चिडवाचिडवी, उसने पैसे, परीक्षेची धास्ती अशा रोजच्या अडचणी अद्भुत कथेतून कुमारवयीनांपुढे मांडणारे, साधारणतः दोन ते पाच मिनिटांचे अ‍ॅनिमेशनपट.

उगम : भारतीय अ‍ॅनिमेशनच्या आरंभाविषयी एकवाक्यता नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘आगकाड्यांची मौज’ (सु. 1915) हा पहिला मानण्याकडे बहुतेकांचा कल आहे, त्याची प्रत मात्र उपलब्ध नाही. काही जण हा मान कलकत्त्याच्या न्यू थिएटर्स या चित्रपटसंस्थेच्या ‘द पी ब्रदर्स’ला (1934) देतात. हलवलेल्या वस्तूचे (इथे आगकाड्यांचे) एकेक चित्र टिपणे हेच अ‍ॅनिमेशन मानले, तर पहिले मत अधिक ग्राह्य ठरते. फाळके बडोद्याच्या कलाभवन या कला व तंत्रशिक्षण संस्थेत (स्था. 1890) शिकले, म्हणून या कलेचे मूळ थेट बडोद्यात शोधण्याचा मोह होतो. कलाभवनातून त्यांना छायाचित्रणाची बैठक मिळाली, एवढेच म्हणणे सुरक्षित. बोधपर धारेत फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपटसंस्थेचा ‘एक अनेक और एकता’ (1974) आणि 1990 च्या दशकातील युनिसेफची ‘मीना’ मालिका महत्त्वाची. मीनाचा बोलका पोपट मिठू हा त्यातील अद्भुताचा अंश.

रचना : जादूचा नियम एकच ठेवतात, उदा. खोटे बोलले की सावली लहान होते. जादूनेच अडचण सुटली, तर मुलांच्या हाती काही उरत नाही. निर्णय पात्रानेच घ्यावा लागतो. राक्षस फार गमतीदार झाला, तर तोच लक्षात राहतो आणि विषय निसटतो.

निर्मिती : पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) असतात. एक चित्र दोन चौकटी धरल्यास सेकंदाला 12, म्हणजे दीड मिनिटाला 1,080 चित्रे लागतात. शाळेत मातीच्या किंवा कागदी बाहुल्या आणि स्टँडवर घट्ट बसवलेला मोबाइल पुरतो. चित्र लुकलुकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे खिडकीतला बदलता उजेड आणि कॅमेऱ्याचे आपोआप जुळणारे एक्सपोजर (चित्रात घेतल्या जाणाऱ्या उजेडाचे प्रमाण). म्हणून पडदे ओढून दिवा स्थिर ठेवतात. फोकस, एक्सपोजर व व्हाइट बॅलन्स (रंगछटांचा समतोल) लॉक करतात. आवाज आधी ध्वनिमुद्रित करून त्यावर चित्रांची संख्या बसवतात. उलट क्रमाने गेल्यास ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

वापर : शेवटाआधी पट थांबवून ‘आता याने काय करावे?’ असे विचारतात. ‘तुझ्या बाबतीत असे झाले का?’ हा प्रश्न टाळतात, कारण त्याने पात्राच्या आड लपलेले मूल उघडे पडते आणि गप्प बसते.

भाषा : बडोद्यातील अनेक मराठी मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यामुळे एकाच चित्रावर मराठी आणि गुजराती असे दोन ध्वनिपट चढवणे सोयीचे पडते. त्यासाठी संवाद मोजके, ओठांची हालचाल दिसू नये म्हणून बोलणारे पात्र शक्यतो पाठमोरे किंवा चोच-मुखवट्याचे, आणि पाट्यांवर अक्षरांऐवजी खुणा ठेवतात.