गावकुत्र्याची गाठ आणि गप्प केलेली जनुकं

यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांत कुत्र्याच्या जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ पुष्कळांनी पाहिली असेल. गुरांचे डॉक्टर तिला टीव्हीटी म्हणतात. हा कर्करोग आहे, आणि तो लागण होऊन पसरतो. समागमात एका कुत्र्याच्या जिवंत कर्कपेशी दुसऱ्याच्या अंगात रुजतात. कुत्र्याच्या पेशीत 78 गुणसूत्रं असतात, या गाठीच्या पेशीत 57 ते 64. गाठ त्या कुत्र्याची नसतेच! 2019 साली 546 गाठींच्या डीएनएवरून संशोधकांनी अंदाज मांडला, की 4000 ते 8500 वर्षांपूर्वी आशियातल्या एका कुत्र्यात ती सुरू झाली.

मग परक्या पेशीला शरीर हाकलून का देत नाही? पेशीच्या पृष्ठभागावर तिची ओळख पटवणारी प्रथिनं असतात. वाढत्या गाठीतल्या पेशी ती जवळजवळ दाखवतच नाहीत. गाठ ओसरू लागली, की ती परत दिसू लागतात. मला यातलं मोलाचं वाटतं ते हेच: ही प्रथिनं बनवणारी जनुकं शाबूत होती, फक्त गप्प होती.

जनुकं अशी गप्प कशी होतात, हा एपिजेनेटिक्सचा विषय. डीएनएची अक्षरं बदलत नाहीत. त्यांवर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट चिकटतात, किंवा डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांची पकड घट्ट होते. ओसरणाऱ्या टीव्हीटीतही मिथाइलची मांडणी बदलते, असं 2018 च्या अभ्यासात दिसलं.

माणसातही हेच घडतं. पेशींच्या विभाजनाला लगाम घालणारं पी16 हे जनुक तोंडाच्या अनेक कर्करोगांत मिथाइलमुळे बंद पडलेलं आढळतं. तुटलेलं जनुक सांधणं फार कठीण. बंद पडलेलं उघडता येतं. रक्ताच्या एका विकारावर मिथाइल उतरवणारं ॲझासिटिडीन 2004 पासून वापरात आहे. तोंडाच्या कर्करोगावर मात्र असे उपचार अजून नेहमीचे झालेले नाहीत.

टीव्हीटीवर व्हिनक्रिस्टीनची इंजेक्शनं दर आठवड्याला देतात, बहुतेक कुत्री बरी होतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातही हेच औषध देतात. ते मिळतं सदाफुलीपासून. अंगणातल्या सदाफुलीची पानं मात्र कुणी चघळू नयेत, ती विषारी असतात.

आपल्याकडे पानठेल्यावरचा खर्रा म्हणजे तंबाखू आणि सुपारी, दोन्ही कर्करोगकारक. तिखट सोसवत नसेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, पांढरा चट्टा दोन आठवड्यांत जात नसेल, तर खर्रा सोडून लगेच डॉक्टरांना तोंड दाखवावं. दुखण्याची वाट पाहू नये. सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.