द यंग कार्ल मार्क्स

द यंग कार्ल मार्क्स : कार्ल मार्क्स (१८१८–८३) व फ्रीडरिख एंगेल्स (१८२०–९५) यांच्या तरुणपणावरील चरित्रपट. दिग्दर्शक राऊल पेक. पटकथा पास्काल बोनित्झेर व पेक यांची. फ्रान्स, जर्मनी व बेल्जियम यांची ही सहनिर्मिती असून ती फेब्रुवारी २०१७ मध्ये बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात प्रथम दाखवली गेली. लांबी सुमारे दोन तास. मार्क्सची भूमिका आउगुस्ट डील, एंगेल्सची श्टेफान कोनार्स्के, जेनी मार्क्सची विकी क्रीप्स, मेरी बर्न्सची हॅना स्टील आणि फ्रेंच समाजवादी विचारवंत प्रूदाँची ऑलिव्हिए गुर्मे यांनी केली आहे.

पांढऱ्या दाढीचा, ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयात बसणारा, पुतळ्यांमुळे परिचित झालेला मार्क्स या चित्रपटात दिसत नाही. कथा १८४३ च्या सुमारास सुरू होते आणि फेब्रुवारी १८४८ मध्ये, ‘कम्युनिस्ट जाहीरनामा’ छापून होतो तिथे संपते. शेवटच्या प्रसंगात मार्क्स २९ वर्षांचा आणि एंगेल्स २७ वर्षांचा आहे. मार्क्सच्या ‘कॅपिटल’ या मुख्य ग्रंथाचा पहिला खंड यायला अजून १९ वर्षे आहेत. पाच वर्षांचाच तुकडा घेतल्यामुळे विचार घडताना दाखवायला पेक यांना सवड मिळाली आहे. जन्म ते मृत्यू असा पट मांडणाऱ्या चरित्रपटांत नेमके हेच राहून जाते.

सुरुवात जंगलात होते. गरीब माणसे वाळका लाकूडफाटा वेचत असतात आणि घोडेस्वार शिपाई त्यांच्यावर तुटून पडतात. या दृश्यावर मार्क्सच्या लेखातील वाक्ये ऐकू येतात. ऱ्हाइन प्रांताच्या विधानसभेत लाकूडचोरीच्या कायद्यावर झालेल्या चर्चेबद्दल मार्क्सने १८४२ च्या शरदात ‘राइनिश त्साइटुंग’ या कोलोनच्या वृत्तपत्रात लेखमाला लिहिली होती. पिढ्यान् पिढ्या ज्या जळणावर गरिबांचा वहिवाटीचा हक्क होता, ते वेचणे आता चोरी ठरत होते. याच प्रकरणाने आपल्याला प्रथम आर्थिक प्रश्नांकडे वळवले, असे मार्क्सने १८५९ मधील एका प्रस्तावनेत स्वतःच नोंदवले आहे. त्यामुळे हे दृश्य प्रारंभाला ठेवण्यात इतिहासाची चांगली जाण दिसते. वनहक्कांचे लढे पाहिलेल्या भारतीय प्रेक्षकाला ते समजावून सांगावे लागत नाही. वृत्तपत्रावर १८४३ मध्ये बंदी आली आणि त्याच वर्षी जेनीशी लग्न करून मार्क्स पॅरिसला गेला.

दुसरा धागा मँचेस्टरचा. एंगेल्स हा बार्मेनच्या श्रीमंत गिरणीमालकाचा मुलगा. वडिलांची भागीदारी असलेल्या सूतगिरणीत तो काम शिकायला आला आणि मेरी बर्न्स या आयरिश कामगार स्त्रीच्या सोबतीने तिथल्या वस्त्यांत वावरू लागला. त्यातूनच ‘इंग्लंडमधील कामगारवर्गाची स्थिती’ (१८४५) हा ग्रंथ आला. मेरी त्याच गिरणीत होती व तिने मालकाला तोंडावर सुनावले, असे चित्रपट दाखवतो. प्रत्यक्षात मेरीविषयीची कागदोपत्री माहिती फारच तुटपुंजी आहे, त्यामुळे हे प्रसंग पटकथाकारांची कल्पना म्हणूनच पाहावेत. पण मेरी ही एंगेल्सची वाटाडी होती, हा त्यामागचा मुद्दा खरा आहे.

ऑगस्ट १८४४ मधील पॅरिसची भेट हा चित्रपटाचा कणा होय. त्याआधी १८४२ मध्ये दोघे कोलोनला भेटले होते; ती भेट कोरडीच झाली होती. मधल्या काळात जर्मन लेखक आर्नोल्ड रूगे व मार्क्स यांच्या नियतकालिकात एंगेल्सचा अर्थशास्त्रावरील निबंध छापून आला आणि मार्क्सचे मत पालटले. चित्रपटात आधी एकमेकांना जोखणे, मग मोकळी स्तुती, मग बुद्धिबळ, दारू आणि रात्रभर गप्पा, असा हा प्रसंग फुलत जातो. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ वाच, रिकार्डो वाच, असे एंगेल्स मार्क्सला सांगतो. तत्त्वज्ञान येणाऱ्याला कारखाना पाहिलेला मित्र मिळाला, हे यातून जितके स्पष्ट होते तितके अनेक जाडजूड चरित्रांतही होत नाही. त्याच रात्री, नशेत, तत्त्वज्ञांनी आजवर जगाचा अर्थ लावला, आता ते बदलायला हवे, हा विचार मार्क्सच्या तोंडी येतो. हे टिपण त्याने खरे तर १८४५ मध्ये ब्रुसेल्सला लिहिले व ते त्याच्या मृत्यूनंतर, १८८८ मध्ये एंगेल्सने प्रसिद्ध केले. ही ओढाताण खटकते. इतका महत्त्वाचा विचार पानावर उमटताना दाखवला असता तर अधिक शोभले असते.

जेनी फॉन वेस्टफालेन हिला चित्रपटाने दिलेली जागा मात्र पूर्णपणे न्याय्य आहे. सरदार घराण्यातली ही मुलगी मार्क्सहून चार वर्षांनी मोठी. तिचा सावत्र भाऊ पुढे प्रशियाचा गृहमंत्री झाला. चित्रपटातील जेनी पाहुण्यांच्या चर्चेत बोलते, हस्तलिखितांवर मते देते, पैशांची चणचण सोसते आणि आपण हे आयुष्य स्वतः निवडल्याचे ठणकावून सांगते. यात अतिशयोक्ती नाही. मार्क्सचे अक्षर इतरांना लागत नसे. त्याच्या लेखनाच्या मुद्रणप्रती जेनी करीत असे. ‘जाहीरनाम्या’च्या मसुद्याचे जे एकमेव पान आज उरले आहे, त्याच्या पहिल्या ओळी तिच्याच हस्ताक्षरात आहेत.

चित्रपटाचा उत्तरार्ध वादांनी भरलेला आहे. ‘मालमत्ता म्हणजे चोरी’ असे १८४० मध्ये म्हणणाऱ्या पिएर-जोसेफ प्रूदाँला सभेतूनच मार्क्स विचारतो, की कोणती मालमत्ता? पुढे प्रूदाँच्या ‘दारिद्र्याचे तत्त्वज्ञान’ या ग्रंथाला मार्क्सने ‘तत्त्वज्ञानाचे दारिद्र्य’ (१८४७) या पुस्तकाने उत्तर दिले. गुर्मे यांनी प्रूदाँ समंजस आणि थोडा थकलेला रंगवला आहे. त्याची बाजू मात्र पटकथेने पुरेशी मांडलेली नाही. वाइटलिंगचा प्रसंग अधिक सकस आहे. विल्हेल्म वाइटलिंग हा शिंपीकाम करणारा, तुरुंग भोगलेला, कामगारांत लोकप्रिय असलेला प्रचारक. ३० मार्च १८४६ रोजी ब्रुसेल्सच्या बैठकीत मार्क्सने त्याच्याकडे त्याच्या शिकवणीचा आधार मागितला आणि शेवटी टेबलावर मूठ आपटून, अज्ञानाने आजवर कोणाचे भले केलेले नाही, असे तो गरजला. हजर असलेल्या पावेल आनेन्कोव्ह या रशियन लेखकाने ही हकीकत लिहून ठेवली आहे. पेक या प्रसंगात मार्क्सला सांभाळून घेत नाहीत. त्याचे म्हणणे पटते आणि त्याच वेळी एका खऱ्या कामगाराचा झालेला अपमानही बोचतो.

‘न्यायनिष्ठांचा संघ’ या गुप्त संघटनेचे जून १८४७ मध्ये लंडनला ‘कम्युनिस्ट संघा’त रूपांतर झाले. ‘सर्व माणसे भाऊ आहेत’ या घोषणेची जागा ‘जगातील कामगारांनो, एक व्हा’ या घोषणेने घेतली. त्या परिषदेला एंगेल्स गेला होता. पैसे नसल्यामुळे मार्क्सला जाता आले नव्हते. जाहीरनाम्याचे काम वर्षअखेरीस मार्क्सकडे आले. एंगेल्सने आधी प्रश्नोत्तरांचा मसुदा केला होता, पण ते रूप सोडून द्यावे असे त्यानेच सुचवले. मार्क्सची चालढकल इतकी, की १ फेब्रुवारीपर्यंत मजकूर न आल्यास कारवाई करू, अशी तंबी संघाने जानेवारी १८४८ मध्ये दिली. लंडनला जर्मन भाषेत छापलेली ही २३ पानी पुस्तिका बाहेर पडते न पडते तोच पॅरिसमध्ये क्रांती झाली. मराठीत ती १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. अनुवादक होते बर्लिनला रसायनशास्त्र शिकलेले आणि ब्रिटिश सरकारने कम्युनिस्टांवर भरलेल्या मीरत कटाच्या खटल्यातील आरोपी डॉ. गंगाधर अधिकारी.

पेक (जन्म १९५३) मूळचे हैतीचे. बालपणाचा काही काळ काँगोत गेला आणि शिक्षण बर्लिनमध्ये झाले. १९९६–९७ मध्ये ते हैतीचे संस्कृतिमंत्री होते. काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांच्यावर त्यांनी माहितीपट व कथापट असे दोन्ही केले. मार्क्सवरील या चित्रपटाची तयारी त्यांनी जवळजवळ दहा वर्षे केली. संवादांचा मोठा आधार त्या काळातील पत्रव्यवहार हा आहे.

समीक्षकांत एकमत झाले नाही. वैचारिक वाद पडद्यावर रंगतदार केल्याबद्दल अनेकांनी कौतुक केले, तर मांडणी जुन्या वळणाच्या पोशाखी चरित्रपटाची आहे, असा आक्षेप काहींनी घेतला. हा आक्षेप खोटा नाही. कॅमेरा व संकलन यांत धाडस कमी आहे. शेवटी बॉब डिलनच्या गाण्यावर विसाव्या शतकातील आंदोलनांची, नेत्यांची व अरिष्टांची खरी चित्रे झरझर सरकतात. हा जोड आधीच्या संयत कथनापुढे घाईचा वाटतो. चित्रपटाचे मोठे बळ त्याच्या बोलण्यात आहे. पात्रे जर्मन, फ्रेंच व इंग्रजी बोलतात आणि एकाच वाक्यात भाषा बदलतात. देशोदेशींहून हाकलली गेलेली ही मंडळी तशीच बोलत असत. डब केलेल्या प्रतीत हे सारे नाहीसे होते, म्हणून उपशीर्षकांसह मूळ प्रतच पाहावी.