दुतोंड्या मारुती आणि बोटाने सरकवायचे आलेख

नाशिकला पावसाळ्यात गंगापूर धरणातून गोदावरीत पाणी सोडलं की मोबाईलवर मेसेज सुरू होतात, इतके हजार क्युसेक विसर्ग, तितके हजार क्युसेक विसर्ग. आता १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी, हे माहीत असूनही डोळ्यासमोर काही येत नाही हो! पण कोणी म्हणालं "मारुतीच्या छातीला लागलं" की गंगेवरचे, म्हणजे गोदाकाठचे, दुकानदार लगेच माल हलवायला घेतात. रामकुंडाजवळ नदीपात्रात उभा असलेला आपला दुतोंड्या मारुती म्हणजे माझ्या मते एकदम भारी डेटा व्हिज्युअलायझेशन आहे, म्हणजे आकडे डोळ्यांना दिसतील असे मांडणं, गुडघे, कंबर, छाती, गळा, झाली पट्टी, आणि पाणी त्याहून वर गेलं तर नारोशंकराच्या देवळाची घंटा आहेच.

स्क्रीनवरच्या इंटरॅक्टिव्ह, म्हणजे बोटाने हलवून बघायच्या, आलेखात हे असं बघताक्षणी कळणंच नेमकं राहून जातं. दहा बटणं, चार फिल्टर, आणि बघणाऱ्याला कळतच नाही सुरुवात कुठून करायची. २०१० मध्ये एडवर्ड सेगल आणि जेफ्री हीर या दोन संशोधकांनी अशी ५८ उदाहरणं तपासली, त्यात एका टोकाला लेखक सांगेल तेच आणि त्याच क्रमाने बघायचं, दुसऱ्या टोकाला वाचकाने हवं तसं हुंदडायचं. मधल्या एका प्रकाराला त्यांनी मार्टिनी ग्लास म्हटलं, आधी अरुंद दांडी म्हणजे ठरलेली गोष्ट, मग वर रुंद तोंड म्हणजे वाचक मोकळा. आपल्याकडे पोरांना पाठीला डबा बांधून पोहायला शिकवतात ना आणि मग एक दिवस डबा सोडतात, तसंच.

मला स्वतःला आवडते ती दुसरीच युक्ती. २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने वाचकांनाच रेघ काढायला लावली, घरची कमाई वाढते तशी मुलं कॉलेजात जायची शक्यता कशी वाढते याची, आणि मग खरी रेघ वर आणून ठेवली. आपला अंदाज चुकला की माणूस थांबतो. लासलगावच्या कांद्याचं असं करून बघायला पाहिजे, वर्षभराच्या सरासरी भावाची रेघ तुम्हीच काढा म्हणायचं, आणि मग दाखवायचं की चाळीत साठवलेला उन्हाळी कांदा संपत येतो आणि लाल कांदा अजून पुरेसा आलेला नसतो तेव्हा भावाचं काय होतं.

अर्थात क्लिक करायचा लोकांना कंटाळा असतो. त्याच पेपरच्या ग्राफिक्सवाल्या आर्ची त्से यांनी २०१६ मध्ये हे उघडच सांगितलं होतं की वाचकाला नुसतं स्क्रोल करायचं असतं, क्लिक करायला लावलं तर तसंच काहीतरी जबरदस्त दिसलं पाहिजे.

म्हणून माझ्या डोक्यात आहे एक स्लायडर, म्हणजे बोटाने सरकवायची पट्टी, आणि बाजूला मारुतीचं चित्र, विसर्ग वाढवला की पाणी चढतं. फक्त त्यात एक गोची आहे, धरणाच्या खाली शहरात पाऊस पडतो तो, नाले, उपनद्या, हे सगळं येऊन मिळतं आणि होळकर पुलाखालचा आकडा धरणाच्या आकड्यापेक्षा बराच मोठा निघतो. म्हणजे स्लायडर दोन लागतील, एक धरणाचा, एक पावसाचा.